पाचव्याच्या घरात तिसरा

तेजपाल बियाणेवाल्याची पद्मिनी परत आली ती लोटत.
कुंडलिकेच्या पुलावरून चार पोरं घामाघूम,
आणि त्याचं एकच म्हणणं :
ऑइल भेसळीचं निघालं, ताई.

मी आधी फिल्टर कापला.
घड्या उलगडून एप्रिलच्या उन्हात धरल्या
तर कागदावर चांदीची भुकटी,
उरुसातल्या बांगड्यांची बोटांना लागते तशी.
ही भेसळ नाही, म्हटलं. हे लोखंड आहे,
तुझ्या क्यामचं नाक.

क्यामशाफ्ट काढून मांडीवर आडवा घेतला.
आठ नाकं. सहा टोकदार, काळसर, धडधाकट.
दोन चाटून संपवलेल्या कुल्फीसारखी.
मायक्रोमीटर लावला : दीड मिलिमीटर गायब.

मग सुनावलं. सुनावायचा मला कंटाळा नाही.
गार इंजिनाला चावी मारतोस आणि लगेच रेस,
तेल अजून खाली चेंबरात झोपलेलं असतं.
मामा चौकात आवाज ऐकवायला
पाऊण तास आयडलवर उभी करतोस.
अरे, आयडलवर क्रँकला उडवायचा जोर नसतो,
चार शिंतोडे येतील तेवढ्यावर क्यामची तहान.
ऑइल घेतलंस नव्या गाड्यांचं, महाग, पाण्यासारखं,
जस्त नावापुरतं.
नाक आणि ट्यापेट यांच्यात जो पापुद्रा धरतो
तो त्या जस्ताचा. तो फाटला की
लोखंड लोखंडाला खातं.
आणि वरून ह्या स्प्रिंगा! छकड्याला ट्रकचे पाटे…

स्प्रिंगा मीच बसवल्या होत्या.
तो काही बोलला नाही.
नट भरलेल्या डब्यात बघत राहिला.

खाजामियाँ म्हणायचे,
नाक झिजलं की आधी आपला हात हुंगायचा, पोरी.
म्हणायचे, पहिल्या वीस मिनटांत ट्यापेट आपलं नाक वळखतो,
मग मरंपर्यंत तेच एक.
म्हणून काढले की अंड्यांच्या ट्रेमधी ठिवायचे,
ज्याचा खड्डा त्याला.

ट्यापेट उलटे केले.
सहांच्या तळाला गोल झिलई, जात्यासारखी,
म्हणजे ते फिरत होते.
दोघांच्या तळाला सरळ चर. ते फिरलेच नाहीत,
एका जागी उभं राहून घासून घेतलं.
आतली काजळी रॉकेलने पुसली
आणि माझ्याच पेनने कोरलेले आकडे वर आले :
पाचव्याच्या घरात तिसरा,
तिसऱ्याच्या घरात पाचवा.

दसऱ्याची आदली रात्र. लाइट गेलेली.
सोपानच्या कोपराने ट्रे पालथा झाला,
मी मोबाइलच्या उजेडात आठही वेचले.
मराठी तीन आणि पाच,
काजळी भरली की सख्खे भाऊ.
सकाळी सातला याला गाडी हवी होती.

सांगितलं त्याला. जसं आहे तसं.
क्याम आणि ट्यापेट माझ्या खर्चाने.
मग माझं ऑइल बरोबर होतं ना, म्हणाला.
नाही, म्हटलं. ऑइल तुझं चुकलंच.

वाळूजहून नवा क्याम आला, नवे आठ ट्यापेट.
नाकांना काळा लेप लावला, बोटाने, कंजुषी न करता.
स्प्रिंगा तेवढ्यापुरत्या जुन्या, मऊ.
कार्बोरेटर हाताने भरला, टायमिंग दोनदा तपासलं,
की पहिल्याच सेल्फला पेटावं, रखडू नये.
पेटलं. सरळ बावीसशेवर.
मी केबल धरून उभी, तो घड्याळ धरून.
समोरच्या गिरणीतल्या शेवंताबाईने दार लोटून घेतलं.
चौदाव्या मिनिटाला पाइप लाल व्हायला लागला,
त्याने विचारलं, जरा खाली घेऊ?
नाही.

गरम तेल सोडलं, फिल्टर कापला.
काळा कागद. दोन-तीन चमकते कण.
तेवढे चालतात.

आकडे आता मी कोरत नाही.
अक्षरं कोरते : ती. पा.
सोपान म्हणतो, ताई, सातव्याचं काय, सा की सहाव्याचं सा?
त्याचा अजून विचार चालू आहे.